मुलीचं नाव 'लूसिया' ठेवावं का? अर्थ, प्रचलन आणि अनुभव हवेत

चिंचेचीपानं
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे बाळ येणार आहे. मी पुण्याची, नवरा वसईचा कॅथलिक. घरात दोघंही मराठीच बोलतो, सासरी कुपारी बोली चालते. मुलगा झाला तर नाव ठरलंय. मुलगी झाली तर नवऱ्याच्या मनात त्याच्या आजीचं नाव आहे: लूसिया. या आजीनेच त्याला वाढवलं. पहाटेच्या लोकलने पालेभाजीच्या आणि केळीच्या पानांच्या पाट्या दादरला न्यायची आणि दुपारी परत येऊन वाडीत शिपणं करायची. ती गेली तेव्हा तो परीक्षेला बसला होता, घरच्यांनी त्याला संध्याकाळी सांगितलं. ते त्याच्या मनातून जात नाही.

मला नाव आवडलंय. माझ्या आईला नाही. तिचं म्हणणं, एक तर अर्थ माहीत नाही. दुसरं म्हणजे आमच्या सोसायटीत वॉचमनच्या केबिनपाशी बसते त्या कुत्रीचं नाव लूसी. आणि तिसरं, जे ती मोठ्याने म्हणत नाही, ते तुम्ही समजून घ्या.

नावाचा नेमका अर्थ काय, ते कुठून आलं, हल्ली कुठे कितपत ठेवतात आणि इथल्या शाळेत मुलीला त्रास होईल का, हे सांगा. मनापासून विचारतेय.

हळदीकुंकू
अभिनंदन! तब्येतीला जप. कुत्रीचं म्हणशील तर आमच्या गल्लीत राणी, सोना आणि चिंगी या तिघी कुत्र्याच आहेत. माझ्या सख्ख्या मावशीचं नाव सोना. तिचं काही अडलं नाही.

तळेगावकर
लॅटिनमध्ये 'लुक्स' म्हणजे प्रकाश, षष्ठी 'लूकिस'. त्यावरून पुरुषाचं लूकियस आणि स्त्रीचं लूकिया. प्राचीन रोमन उच्चार 'क'चाच, पुढे इटलीत 'लुचिया' झाला, पोर्तुगालमध्ये 'लूसिया' आणि 'लुझिया', इंग्रजीत 'लूसी'. रोममध्ये लूकियस हे पुरुषांच्या सर्वांत जास्त चालणाऱ्या नावांपैकी एक. इतकं की शिलालेखात नुसतं 'ल' कोरलं तरी कळायचं. पहाटे उजाडताना जन्मलेल्याला हे नाव देत, अशी समजूत होती. बायकांना मात्र बहुतेक वेळा कुळाचंच नाव चिकटायचं, म्हणजे यूलियस कुळातली यूलिया, कॉर्नेलियस कुळातली कॉर्नेलिया. बाळंतिणीची रोमन देवता होती तिचं नाव लूकिना. बाळाला उजेडात आणणारी ती. तुमच्या सध्याच्या दिवसांत हे कळलेलं बरं!

म्हणजे आईंना सांगा, अर्थ आहे 'प्रकाशाची'. ज्योती, दीप्ती, प्रभा यांच्या पंगतीत बसेल असं नाव आहे.

वसईचीबाय
चिंचेचीपानं ताई, तुमच्या नवऱ्याच्या आजीचं वाचून डोळे भरले. माझ्या आजीच्या पिढीतल्या कितीतरी जणी असंच जगल्या. विरारहून सुटणाऱ्या गाडीत पाट्या चढवताना एकमेकींना हाका मारायच्या त्या लूसी, नाताल, रोझी, मॉनिका अशाच.

आमच्याकडे पूर्वी आईबाप नाव ठरवत नसत म्हटलं तरी चालेल. ज्या संताच्या सणाच्या आसपास मूल जन्मलं त्या संताचं नाव, नाहीतर आजी-आजोबांचं. पहिली मुलगी झाली की बापाच्या आईचं नाव, हे जवळजवळ ठरलेलंच. वसईत पोर्तुगीज १५३४ ते १७३९ होते, तेव्हा ही नावं आली ती त्या वाटेने. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते ६५) चर्चमधली उपासना लॅटिन सोडून मराठीत आली आणि मग घराघरांत स्मिता, सुनील, संगीता अशी नावं दिसायला लागली. माझं स्वतःचं नाव मराठी आहे, आईचं लॅटिन, आणि माझ्या मुलीने तिच्या मुलीला परत पणजीचं नाव दिलं.

आता महत्त्वाचं. संत लूसीचा सण १३ डिसेंबरला असतो! तुमची तारीख त्याच आठवड्यात आहे. तुमच्या नवऱ्याने हे सांगितलं नाही का? ती सिसिलीतल्या सिराक्यूजची मुलगी, रोमन सम्राट डायोक्लिशियनने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात इसवी सन ३०४ च्या सुमारास मारली गेली. तिला डोळ्यांची राखणदार मानतात. चित्रांत ती हातातल्या तबकात दोन डोळे घेऊन उभी असते. लहानपणी मला त्या चित्राची भीती वाटायची. आजीला मोतीबिंदू झाला तेव्हा ती त्याच चित्रापुढे मेणबत्ती लावून बसायची.

पंचांगी
वरचं सगळं ठीक. एक आमच्या खात्यातलं सांगतो. भरणी नक्षत्राची चरणाक्षरं ली, लू, ले, लो. दुसऱ्या चरणाचं अक्षर 'लू'. त्या चरणावर मूल जन्मलं की घरचे हमखास फोन करतात, 'गुरुजी, लू वरून काय ठेवायचं?' मराठीत लू वरून सुरू होणारं धड नाव सापडत नाही. लूसिया ऐकून मला फार समाधान वाटलं. आईंना सांगा, भरणीचं दुसरं चरण लागलं तर पत्रिकेच्या दृष्टीने याहून चपखल नाव नाही.

हळदीकुंकू
पंचांगी काका, तुम्हाला दंडवत!

मेधातिथी
तळेगावकरांनी ज्योती, दीप्ती म्हटलं ते अर्थाच्या नात्याने. पण या नावाचं आपल्याकडे रक्ताचंही नातं आहे. मी बरीच वर्षं संस्कृत शिकवते, हा माझा आवडता विषय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लॅटिन 'लुक्स', ग्रीक 'लेउकोस' (पांढरा, लख्ख) आणि संस्कृत 'रुच्' हे एकाच मुळातून फुटलेले धातू. मूळच्या 'ल'चा संस्कृतात पुष्कळदा 'र' झाला. धातुपाठात 'रुच दीप्तावभिप्रीतौ च' असं दिलंय. म्हणजे चकाकणं आणि आवडणं, दोन्ही. आपण रोज म्हणतो 'मला हे रुचलं नाही', ते याच धातूचं. रुची, रुचिरा, सुरुची, रोचना ही नावं त्याचीच. 'ल' टिकून राहिलेलं रूपही आहे: लोचन, आलोक. लूसी डोळ्यांची संत आणि लोचन त्याच मुळाचं, हा योगायोग मला फार सुंदर वाटतो.

आणि रुक्म. रुक्म म्हणजे झळाळतं ते, सोनं. ऋग्वेदात मरुतांच्या छातीवर रुक्म असतं. रुक्म जिच्यापाशी आहे ती रुक्मिणी. पंढरपुरात तिची रखुमाई झाली. तेव्हा ताई, वसईची लूसियाआजी आणि पंढरीची रखुमाई एकाच मुळावरच्या आहेत. हे आईंना जरूर सांगा.

चिंचेचीपानं
मेधाताई, अंगावर काटा आला. आमच्याकडे आषाढीला आईचा उपास असतो, तिचे वडील माळकरी होते. आजच सांगते तिला.

खडूस_मास्तर
माझा मतभेद नोंदवतो. व्युत्पत्ती बरोबर आहे, पण ती इथे कामाची नाही. नाव रुक्मिणीच्या कुळातलं निघालं म्हणून चालेल आणि निघालं नसतं तर चाललं नसतं, असं आहे का? उद्या धाकट्या मुलीला नवऱ्याच्या आत्याचं नाव द्यायचं झालं, ते हिब्रू असलं, तर कुठलं मूळ शोधणार? मुलीच्या पणजीचं नाव आहे, पणजीने नातवाला कष्टाने वाढवलं, हे कारण पुरेसं आहे. संस्कृतचा दाखला जोडून त्याला पास मिळवून देण्याची गरज पडू नये.

मेधातिथी
मास्तर, तुमचं तत्त्व मान्य. पण नाव ठेवायचा निर्णय घरात होतो, आणि घरात एक आई आहे जिला हे नाव परकं वाटतंय. तिच्या मनात ते रुजायला एखादी वाट लागते. रखुमाई ही तिच्या ओळखीची वाट आहे. पास म्हणून नाही सांगितलं मी.

गोदातीर
मास्तरांना +१, मेधाताईंनाही +१.

उत्तरेचावारा
मी स्टॉकहोमला असतो. इथे लूसिया म्हणजे अख्ख्या देशाचा सण. डिसेंबरात दुपारी तीनच्या सुमाराला सूर्य मावळतो. जुन्या ज्युलियन पंचांगाच्या काळात लूसियाची रात्र वर्षातली सर्वांत मोठी मानली जायची, म्हणून त्या रात्री प्रकाशाची मुलगी येते. १३ तारखेला सकाळी अंधारातच शाळांत, ऑफिसांत, इस्पितळांत मिरवणूक निघते. पुढे लूसिया, पांढरा पायघोळ झगा, कमरेला लाल फीत, डोक्यावर जळत्या मेणबत्त्यांचा मुकुट. मागे हातात एकेक मेणबत्ती घेतलेल्या मुली आणि टोकदार उंच टोप्या घातलेली मुलं. प्रथा अठराव्या शतकापासून दिसते, पण १९२७ मध्ये स्टॉकहोमच्या एका वर्तमानपत्राने लूसिया निवडायची स्पर्धा घेतली, तेव्हापासून ती देशभर पसरली. त्यांचं गाणं मात्र नेपल्सचं! तिथल्या सांता लूचिया नावाच्या किनाऱ्याच्या वस्तीवरच्या गाण्याला स्वीडिश शब्द बसवलेत.

माझी मुलगी बालवाडीत असताना तिला मुकुट मिळाला. लहान मुलांना बॅटरीचा देतात. तो घसरून एका कानावर आला होता आणि ती मान न हलवता, श्वास रोखून, फार जबाबदारीने चालत होती. मग केशराचे पाव खायचे, इंग्रजी 'एस'च्या आकाराचे, दोन्ही टोकांच्या वळणांत एकेक बेदाणा. 'लुसेकात्तर' म्हणतात. कणीक मळताना दूध आणि केशर इतकं पडतं की माझ्या आईला पहिल्यांदा खाल्ल्यावर श्रीखंडाचा वास आला.

हळदीकुंकू
पाककृती वेगळ्या धाग्यावर टाका ना! फोटोसकट.

क्रिकेटवेडा
लूसिया म्हटल्यावर मला एकच आठवतं. सेंट लूसियाचं ग्रोस आयले मैदान, २४ जून २०२४, ऑस्ट्रेलिया समोर, रोहित शर्मा ४१ चेंडूंत ९२! मिचेल स्टार्कच्या एका षटकात २९ निघाल्या. त्याच मैदानावर २०१० च्या विश्वचषकात रैनाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शतक ठोकलं होतं. नाव शुभ आहे ताई, डोळे झाकून ठेवा.

तळेगावकर
क्रिकेटवेडा, त्या बेटाचं आणखी एक वैशिष्ट्य. इतिहासातल्या एका खऱ्याखुऱ्या स्त्रीचं नाव असलेला देश म्हणून त्याची ओळख आहे. नावामागची तीच सिराक्यूजची लूसी. १९७९ मध्ये स्वतंत्र झाला. एवढ्याशा बेटाने दोन नोबेल विजेते दिले, १९७९ मध्ये अर्थशास्त्रात आर्थर लुईस आणि १९९२ मध्ये साहित्यात डेरेक वॉलकॉट. इंग्रजीत मात्र बेटाचा उच्चार 'लूशा'. चिंचेचीपानं, तुम्ही कुठला उच्चार धरणार ते आत्ताच ठरवा.

नभांगण
धाग्याला थोडा फाटा फोडतो. २४ नोव्हेंबर १९७४ रोजी इथिओपियात हदार इथे डोनाल्ड जोहॅन्सन यांना सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या मानवपूर्वजाची हाडं सापडली. सांगाड्याचा जवळपास ४० टक्के भाग. त्या रात्री छावणीत टेपवर बीटल्सचं लूसीचं गाणं वाजत होतं, म्हणून तिचं नाव लूसी. इथिओपियात तिला दिंकिनेश म्हणतात, 'तू अद्भुत आहेस' असा अर्थ. पुढे नासाने गुरूच्या कक्षेतल्या ट्रोजन लघुग्रहांकडे यान पाठवलं, १६ ऑक्टोबर २०२१ ला, त्याचं नाव या सांगाड्यावरून लूसी. वाटेत १ नोव्हेंबर २०२३ ला ते ज्या छोट्या लघुग्रहाजवळून गेलं त्याचं नाव ठेवलं दिंकिनेश, आणि एप्रिल २०२५ मध्ये जोहॅन्सन यांच्या नावाच्या लघुग्रहाजवळूनही ते गेलं.

मी शाळांमध्ये आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतो. मुलांना हे नाव आधीच ठाऊक असतं आणि त्यांना त्याचा आदर असतो. वर्गात कुणी चिडवलं तर तुमची मुलगी सांगेल, माझ्या नावाचं यान गुरूच्या वाटेवर आहे.

माद्रिदमुक्काम
प्रचलनाबद्दल कुणी बोललंच नाही, आणि धाग्याचा अर्धा प्रश्न तोच होता. स्पेनमध्ये गेली वीसेक वर्षं लूसिया हे नाव नवजात मुलींच्या यादीत पहिलं, नाहीतर पहिल्याच्या अगदी जवळ असतं. इकडे माद्रिदला उच्चार 'लुथीया', जोर 'थी'वर. दक्षिणेत आणि सगळ्या लॅटिन अमेरिकेत 'लुसीया'. बागेत 'लुथीया!' म्हणून हाक मारली की चार डोकी वळतात. माझ्या मुलीच्या वर्गात लूसियांना आडनावाच्या पहिल्या अक्षराने ओळखतात.

अमेरिकेत लूसीचा आलेख वेगळा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भरपूर चालायचं, नंतर घसरलं. गंमत म्हणजे १९५१ ते ५७ लुसिल बॉलच्या 'आय लव्ह लूसी' या टीव्ही मालिकेमुळे घराघरांत लूसी पोहोचली, तरी घसरण थांबली नाही. ते आजीबाईचं नाव वाटायला लागलं होतं. आता दोन-तीन पिढ्या उलटल्यावर तेच नाव पुन्हा पहिल्या शंभरात आहे. नावांचं असंच असतं, आईच्या पिढीचं जुनाट वाटतं आणि पणजीचं गोड वाटतं. लूनाही सध्या तिथे जोरात आहे, तीही याच मुळाची ना मेधाताई?

मेधातिथी
हो. लूना म्हणजे चंद्र, मूळ तेच.

गोदातीर
माझ्या बाबांकडे लूना मोपेड होती! पेडल मारत चढावर न्यायचे. आमच्या पिढीला लूना नावाची मुलगी सहन होणार नाही.

वसईचीबाय
माद्रिदमुक्काम, अगदी खरं. माझ्या पिढीत लूसी नाव मागे पडलं होतं, मुली नाव सांगताना लाजायच्या. आता बाप्तिस्म्याच्या वेळी पुन्हा कानावर येतं, पण लूसी नाही, पूर्ण लूसिया.

सह्याद्रीचापायथा
कडू बोलतो, राग मानू नका. ताई, आईचं तिसरं कारण तुम्ही लिहिलं नाही, पण ते खरं आहे. मी बँकेत आहे. समोरचा माणूस नाव वाचतो, मग चेहऱ्याकडे बघतो आणि 'मराठी छान बोलता हो तुम्ही' म्हणतो. माझ्या ख्रिस्ती सहकाऱ्याचं घराणं इथलंच, पिढ्यान्‌पिढ्या मराठी, तरी त्याला हे दर महिन्याला ऐकावं लागतं. मुलीला तटस्थ नाव द्या. मीरा, माया, नीना, तारा. इकडेही चालतात, तिकडेही.

वसईचीबाय
दादा, ते वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय, माझं नाव मराठी असून. आडनाव वाचलं की सुरू. मुलीचं नाव मीरा ठेवलं तरी आडनाव तेच राहणार आहे. लोक चुकीचं बोलतात म्हणून आम्ही आमच्या आज्यांची नावं टाकून द्यायची का? उलट जास्त लूसिया मराठीत बोलताना दिसू देत, मग कुणाला नवल वाटणार नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा विरोध करणारे होते, पण मांडव भरलेला होता.

खडूस_मास्तर
बाय, उभा राहून टाळ्या.

सह्याद्रीचापायथा
तुमचा मुद्दा पोचला. माझी काळजी मुलीपुरती होती. तीही खरी आहे, एवढंच म्हणतो.

चिंचेचीपानं
सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमची काळजी कळते, आम्ही दोघंही त्यावर बोललो.

आईला मेधाताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, 'त्या आजी दादरला कुठे बसायच्या?' नवऱ्याने सांगितलं, फूलबाजाराच्या बाजूला, पुलाखाली. आई लग्नाआधी दादरलाच राहायची. केळीची पानं तिथूनच आणायचे ते. 'मग घेतली असतील त्यांच्याकडून कधीतरी,' म्हणाली. काल तिने वसईला सासूबाईंना फोन करून विचारलं की आजींना घरात काय म्हणायचे.

तर मुलगी झाली तर नाव लूसिया, उच्चार पोर्तुगीज वळणाचा, 'सि' ऱ्हस्व. आईने पाळण्यात घालायचं नाव रुक्मिणी ठरवलंय. बाप्तिस्मा आणि बारसं, दोन्ही करणार. आता एक व्यवहाराचा प्रश्न. जन्मदाखल्यावर नाव लगेच द्यावं लागतं का? बाळ बघितल्यावर नक्की करावं असं मला वाटतंय.

सह्याद्रीचापायथा
लगेच द्यावं लागत नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, ती रुग्णालय करतं. नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. पण दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हीत निघतो, आणि इथेच घोळ होतात. लूसिया, लुसिया, लुसीया यांतलं एकच रूप ठरवा, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि दाखला हातात पडल्यावर तिथेच उभं राहून दोन्ही भाषांतलं वाचा. पुढे आधार, शाळा, पासपोर्ट सगळं त्यावरच चालतं. बँकेत अशी एका वेलांटीने अडलेली प्रकरणं मी रोज बघतो. काही लागलं तर मला निरोप पाठवा, अर्जाचा नमुना देतो.

हळदीकुंकू
आणि मुलगा झाला तर?

पंचांगी
मुलगा झाला तर लूकस. अक्षर तेच!